सिनेमातला खोकला

भाऊजी, तुमच्या कार्याच्या दिवशी मी तुमचं काम बिघडवून ठेवलं. सगळा टोला, सगळी वाडी जमली होती. मोहाच्या झाडाखाली माणसं बसली होती, बायका पलीकडे, आणि सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. तुमच्या टोल्यावरची रीत मला ठाऊक होती, तुम्हीच ती शिकवली होती. माणूस गेला की त्याच्या थट्टेच्या नात्यातल्या माणसानं चारचौघांत उभं राहून त्याची टर उडवायची. तो कसा चालायचा, कसा घोरायचा, बायकोला कसा भ्यायचा, ते करून दाखवायचं. लोक पोटभर हसले की गेलेला मोकळा होतो आणि पुढच्या वाटेला लागतो. तुमचा साळा मी, तेव्हा हा मान माझा होता. मी उभा राहिलो, तोंड उघडलं आणि ढसाढसा रडलो.

पन्नाशी उलटलेला, दवाखान्यात वीस वर्षं लोकांच्या जखमा धुणारा कंपाउंडर मी. मला रडताना पाहून पोरं घाबरली. तुमची सोमरीबाई, म्हणजे माझी मानलेली बहीण, माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "आता तो येशीपाशीच बसून राह्यला असन, बावा. हसल्याशिवाय जायचा नाई." मग माझी कीव येऊन तिनं सवलत दिली. आठ दिवसांनी तुमच्या नावाचा दगड उभा करायचा आहे, तेव्हा तरी हसव म्हणाली.

ते आठ दिवस उद्या संपतात. मी दवाखान्याच्या ओट्यावर बसून हे लिहितो आहे. उद्या काय बोलायचं ते नीट आठवावं म्हणून लिहितोय, आणि तुम्हाला वाचता येत नसलं तरी तुमच्याशी बोलल्यासारखं वाटतं म्हणूनही.

मी तुमचा साळा कसा झालो ते माझ्या बायकोलाही अजून नीट कळलेलं नाही. मी सावली गावाकडचा, भाताच्या बांधावर वाढलेला. बदली होऊन सूरजागडच्या डोंगराखाली आलो तेव्हा तुमच्या टोल्यावर देवी टोचायला यायचो आणि कोणी माझ्याशी बोलायचं नाही. मला वाटलं, सुईला भितात. तुम्ही पुढे येऊन सांगितलं की हा माणूस आपला कोण लागतो तेच ठरलेलं नाही, मग याच्याशी कोणत्या तोंडानं बोलायचं? तुमच्याकडे माणूस म्हटला की नातं हवं, कारण नात्यावरच ठरतं कोणाची थट्टा करायची आणि कोणासमोर मान वर करायची नाही. सोमरीबाईला भाऊ नव्हता. तुम्ही मला उभं-आडवं न्याहाळलं आणि तिथल्या तिथे निकाल दिला, "हा सोमरीचा भाऊ. म्हंजे माहा साळा. आता याले मी काईबी बोलू शकतो." आणि लगेच पहिली थट्टा माझ्या पोटावर केली. त्यानंतर बारा वर्षं त्या पोटाला तुम्ही सुट्टी दिली नाही.

पोट होतंच तसं, कबूल करतो. मी दवाखान्याच्या भिंतीवर आहाराचे आणि व्यायामाचे सरकारी तक्ते चिकटवायचो आणि त्यांच्याखाली बसून गुळाचा खडा तोंडात टाकायचो. चाळिशीतच जिना चढताना मला धाप लागायची. तुमचं वय किती हे मात्र कोणालाच सांगता यायचं नाही. विचारलं की तुम्ही सांगायचे, बांबू दोनदा फुललेला पाहिला आहे. बांबू माणसाच्या हयातीत फार तर दोनदा फुलतो, त्यावरून ज्याला जो हिशेब करायचा तो करावा. आणि असा माणूस भल्या सकाळी ताडावर चढलेला दिसायचा. मी खालून ओरडायचो, या वयात पडाल. वरून उत्तर यायचं की पडलो तर तुझ्या पोटावर पडेन, लागायचं नाही.

मग ती सिनेमावाली मंडळी आली. पाच वर्षं झाली असतील. मोठ्या शहरातून एक साहेब, दोन मदतनीस, एक कॅमेरा आणि एक गोरटेला, सुटाबुटातला, सिनेमातला डॉक्टर. जंगलातल्या माणसांनी म्हातारपणी निरोगी कसं राहावं यावर त्यांना छोटा सिनेमा काढायचा होता. एक आजारी आदिवासी म्हातारा, तो कुढत पडलेला, मग शहरातून डॉक्टर येतो, त्याला चालायला, चावून खायला, वेळेवर झोपायला आणि मन प्रसन्न ठेवायला शिकवतो आणि म्हातारा खडखडीत बरा होतो, अशी गोष्ट. भाषा सांगायला मला नेमलं होतं. साहेबांनी टोल्यावरून नजर फिरवली आणि पांढऱ्या केसांचे, सुरकुत्यांचे तुम्ही त्यांना नेमके आवडले. मी सांगितलं की साहेब, हा माणूस कधी आजारी पडलेला नाही. साहेब म्हणाले, चेहरा चांगला आहे.

तुम्ही मला विचारलं होतं, "बिमार माणूस कसा रायते, साळेबाबू? तू पायतोस ना रोज." मी तुम्हाला खोकून दाखवलं. डाव्या हातात काठी, उजवा हात छातीवर, कमरेत वाक आणि आतून खरवडून काढल्यासारखा खोकला. तुम्ही तो तिथेच उचललात आणि माझ्यापेक्षा झकास वठवलात. बायका पदराआड फिसफिसू लागल्या. तुम्ही खोकायचे आणि मध्येच डोळा मारायचे, मग साहेब हात वर करून कॅमेरा थांबवायचे. असं पाच-सहा वेळा झालं. साहेब मला म्हणाले, यांना सांगा, हा गंभीर विषय आहे. मी सांगितलं. तुम्ही गंभीरपणे मान हलवली आणि पुन्हा डोळा मारला.

मग माझ्या हातून ती चूक झाली. साहेबांना आजाऱ्याचे पाय चेपणारी बाई हवी होती. सोमरीबाई हसायची थांबेना, म्हणून त्यांनी दूर पाठमोऱ्या उभ्या बुदरीकडे बोट दाखवलं. बुदरी म्हणजे तुमच्या धाकट्या भावाची बायको. तिचे तुम्ही भासरे, थोरले दीर, आणि तुमच्याकडे भासऱ्याच्या वाऱ्यालाही भावजयीनं उभं राहायचं नसतं. तुम्ही वाटेनं आलात की ती झाडाआड व्हायची. तिची सावली तुमच्या सावलीला लागू नये म्हणून दुपारी लांबचा फेरा घेऊन पाण्याला जायची. हे मला ठाऊक होतं. तरी मला वाटलं की सिनेमाच तर आहे, खोटं-खोटं आहे, आणि मी तिला सांगून टाकलं की ये, पाय चेप.

बुदरी जागच्या जागी थिजली. साहेबांना काही कळेना, ते आपले हातवारे करून तिला पुढे बोलवत होते. ती पुढे आली असती तर तिचा सगळा जन्म नासला असता आणि आली नसती तर सरकारी माणसाचं ऐकलं नाही म्हणून टोला घाबरला असता. आणि तुम्ही खाटेवर ताठ आडवे झालात, डोळे मिटले, जीभ बाहेर काढलीत आणि म्हणालात, "साहेबाले सांग, म्हातारा मेला. मेलेल्याचे पाय साळाच चेपते, बाई नाई चेपत." अशी कोणतीच रीत नव्हती, ती तुम्ही त्या क्षणी जन्माला घातलीत. मी ती साहेबांना जशीच्या तशी सांगितली आणि खाली बसून तुमचे पाय चेपले. बुदरी झाडाआड गेली. बाकीची सगळी माणसं पोट धरधरून हसत सुटली, साळा भाटव्याचे, बहिणीच्या नवऱ्याचे, पाय चेपतोय म्हणून. कॅमेरा चालूच होता. तेव्हा मी तुमचे आभार मानले नाहीत, वरून चिडलोच होतो. आज मानतो.

पुढच्या हिवाळ्यात तोच सिनेमा जीपमधून टोल्यावर आला. दोन मोहाच्या झाडांमध्ये पांढरी चादर बांधली, दिवेलागणीला माणसं जमली आणि नवाच तंटा उभा राहिला. बुदरीला सिनेमा पाहायचा होता. पण पडद्यावर भासऱ्याचं तोंड दिसणार, ते तिनं पाहावं का? म्हातारे विचारात पडले. कोणी म्हणालं चित्र म्हणजे काही माणूस नव्हे, कोणी म्हणालं मग सगळे तुमचंच नाव घेऊन लालसू आला, लालसू आला असं काऊन म्हणून राह्यले? जीपवाला घड्याळ पाहत होता. शेवटी तुम्हीच उठलात आणि म्हणालात, "तो पडद्यावरचा बिमार हाये. मी कवा बिमार पडलो का? मंग तो मी नाई. पाहू दे तिले." तरीही एका म्हाताऱ्याचं समाधान होईना, म्हणून तोड अशी निघाली की बुदरीनं चादरीच्या मागून पाहावं. चादर पातळ होती, मागूनही सगळं दिसायचं, फक्त डावं-उजवं उलटं. बुदरी एकटी मागे बसली आणि आम्ही सगळे पुढे.

तो सिनेमा मी पाहिला तो रागानं, आणि तुम्ही पाहिलात तो मजेनं. बोललेलं काही त्यात घेतलंच नव्हतं, वरून एक जाडाभरडा आवाज हिंदीत सगळं समजावत होता. आवाज सांगत होता की हे भोळे लोक आरोग्याबद्दल काहीच जाणत नाहीत. तुम्ही ओठ हलवत होता आणि आवाज सांगत होता की म्हातारा डॉक्टरला विचारतोय, साहेब, मी जगेन का? खरं तर तेव्हा तुम्ही गोंडीत म्हणाला होता की चढण चढून हा स्वतःच धापा टाकतोय, आधी याला खाटेवर निजवा. ते टोल्यातल्या प्रत्येकाला आठवत होतं, त्यामुळे आवाज एक सांगायचा आणि माणसं भलत्याच ठिकाणी खोखो हसायची. मी तुमचे पाय चेपत होतो आणि मागे सगळे हसत होते तिथे आवाज म्हणाला, डॉक्टर आल्यामुळे गावात आनंदीआनंद झाला आहे. चादरीच्या मागूनही हसू आलं. बुदरीचं हसणं तोवर तुम्हीच काय, मीही कधी ऐकलं नव्हतं.

शेवटी डॉक्टर आणि तुम्ही बरोबरीनं पायवाट चढताना दिसता आणि डॉक्टर हसतो. सिनेमा संपल्यावर टोल्याचं एकमत झालं की गोष्ट चांगली होती. शहरातला डॉक्टर बिचारा फार आजारी होता, त्याला चालवत नव्हतं, तो लालसूपाशी आला, लालसूनं त्याला चालायला लावलं, हसवलं आणि बरा करून परत पाठवला. जीपवाल्यानं दोनदा समजावलं की गोष्ट उलटी आहे. कोणी मानलं नाही.

मी मात्र जळफळत होतो. त्या दिवसापासून आपला जो वाद सुरू झाला तो तुम्ही अर्ध्यावर टाकून गेलात. मी म्हणायचो, त्यांनी तुम्हाला अडाणी ठरवलं आणि तुम्ही हसलात. तुम्ही म्हणायचे, "मी बी त्याइले हसलो. बरोबरी झाली." मी म्हणायचो, कसली बरोबरी? तो सिनेमा गावोगाव जाणार, त्यांचं म्हणणं सगळे ऐकणार आणि तुमचं हसणं या टोल्याबाहेर जाणार नाही. यावर तुम्ही चिलमीचा एक झुरका घेतलात आणि म्हणालात, "तं मंग तू सांग ना त्याइले. मुका हायेस का?" मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. हा कागद वाचून कोणी ऐकलं तर तेवढं तरी तुमच्या बाजूनं पडेल.

आणि खरं सांगू का, त्या सिनेमातला बरा झालेला शहरी डॉक्टर म्हणजे मीच. चांद्याच्या डॉक्टरांनी माझं रक्त तपासून, दाब मोजून डोळे वटारले होते, मीठ तोडा आणि चालत जा म्हणाले होते. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही हुकूम काढलात की साळ्यानं दर आठवड्याला टोल्यावर पायी यायचं, तीन कोस. चढणीवर तोंड बंद आणि उतरणीवर गप्पा, हा तुमचा नियम. वर पोचलो की सोमरीबाई आंबील द्यायची आणि दुसऱ्या वाटीला हात पुढे केला की तुम्ही माझ्या पोटाला विचारायचे, "अजून जागा हाये का तुह्या घरात?" दोन पावसाळ्यांत माझा पट्टा तीन भोकं आत गेला. आता मला धाप लागत नाही. भिंतीवरचे तक्ते मला जे देऊ शकले नाहीत ते तुमच्या टिंगलीनं दिलं, हे मी तुमच्या तोंडावर कधी कबूल केलं नाही.

आता ते सांगतो ज्यामुळे माझी जीभ उचलली नाही. शेवटच्या खेपेला मी आलो तेव्हा तुम्ही खाटेवर होता. मला पाहताच उठून बसलात, डाव्या हातात काठी घेतलीत, उजवा छातीवर ठेवलात आणि सिनेमातला खोकला काढलात. सोमरीबाई चुलीकडे वळली. मी मात्र हसून लोटपोट झालो. म्हटलं, भाऊजी, सिनेमा संपला, आता उठा. तुम्ही डोळा मारलात. नाल्याला पाणी चढेल म्हणून तुम्ही मला लवकर पिटाळलंत आणि मी पिशवीतल्या औषधांसकट परत गेलो. तिसऱ्या दिवशी निरोप आला. मी कंपाउंडर आहे, भाऊजी. खोकला ओळखणं माझं काम आहे. तुमचा खरा खोकला मी हसण्यावारी नेला. कार्याच्या दिवशी तुमची नक्कल करायला उभा राहिलो तेव्हा तोच खोकला घशात आला आणि हसू येईना. उद्या येईल की नाही, मला ठाऊक नाही.

इथवर लिहून मी कागद मिटला होता. आता दगड उभा करून परत आलोय, बाकीचं लिहितो.

सकाळी टोल्यावर पोचलो तेव्हा दगड बाजूला आणून ठेवला होता, अजून उभा केलेला नव्हता. मी सोमरीबाईला बाजूला घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. म्हटलं, बाई, भाऊजी खरंच खोकत होते आणि मी हसलो, म्हणून माझ्याच्यानं होत नाही. ती माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तशी पाहत राहिली.

"खरा खोकला त्याले रातभर होता," ती म्हणाली. "तू वाटेनं येतानी दिसला तं मले म्हणे, साळा येऊन राह्यला, याच्यासमोर बिमार दिसायचं नाई. अन् तो सिनेमातला काढला. तू हसला ना, मंग रातीले चांगला झोपला तो."

मी विचारलं की मी औषध दिलं असतं तर? तिनं खांदे उडवले. म्हणाली की त्यानं बांबू दोनदा फुललेला पाहिला, अजून किती पाहायचं होतं? आणि मग, बहिणीनंच द्यावा तसा, माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि पुढे ढकललं.

दगड उभा राहिला. कमरेएवढा आहे, वर थोडासा वाकलेला, तुमच्यासारखा मुळीच नाही. मी लोकांच्या मधोमध गेलो. डाव्या हातात तुमची काठी घेतली, उजवा हात छातीवर ठेवला, कमरेत वाकलो आणि खोकलो. मग बांबूवर वय मोजून दाखवलं, ताडावरून ओरडून दाखवलं, खाटेवर मेल्यासारखी जीभ बाहेर काढली. मग सोमरीबाईला भिऊन दाराआड लपणारे तुम्ही करून दाखवले, ते बहुधा जरा वाढवलंच. माणसं हसली, भाऊजी. खूप हसली. मी रडत होतो, पण हसतही होतो, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

बुदरी नेहमीप्रमाणे मागे, सागाच्या झाडाआड होती. हसू ओसरल्यावर ती तिथूनच सोमरीबाईला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कंपोंडरले जमलं नाई. भासऱ्यायचा डावा हात छातीवर होता."

सगळे उजवा, उजवा म्हणून ओरडले. ती ऐकेना. डावाच, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, म्हणाली. मग एकेकाच्या ध्यानात आलं. तिनं तुमचं तोंड जन्मात एकदाच पाहिलं होतं, तेही चादरीच्या मागून.

मी काठी उजव्या हातात घेतली, डावा छातीवर ठेवला आणि तिच्यासाठी पुन्हा एकदा खोकलो.